पापणीची साक्ष

आषाढसरींनी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या खाचरांत रोपलागणीची घाई उडाली, आणि बिळांत पाणी शिरून जनावरे बांधावर, पडवीत व क्वचित अंथरुणातही येऊ लागली, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारी 'पान लागलेल्या' माणसांना घेऊन नातलगांची धावपळ सुरू होते. सापाचे नाव न उच्चारता दंशाची वार्ता सांगणारा हा जुना शब्दप्रयोग. परंतु दंश करणारे जनावर तर अंधारात पसार झालेले असते, आणि मग त्याची ओळख पटविण्यासाठी जी साक्ष मिळते ती बहुधा रोग्याच्या डोळ्यांचीच.

मण्यारीचे उदाहरण घ्यावे. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती मध्यरात्री चावते. वेदना जवळजवळ नाहीच, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरची माणसे म्हणतात, "रात्री डोळा लागला नसंल, झापड आलीया." त्याच्या डोळ्यांसमोर बोट उंच धरून त्याकडे पाहण्यास सांगितले, की तो बिचारा कपाळाला आठ्या घालतो, मान मागे टाकतो, तरी पापणी अर्ध्यावरच राहते, आणि समोरचा एक दिवा त्याला दोन दिसतो. दृष्टी शाबूत असते. नस आणि स्नायू यांच्या संधीवर विषाने घाला घातल्यामुळे पापणी व बुबुळ यांची हालचाल तेवढी खुंटते. याच मार्गाने पुढे गिळणे आणि श्वास बंद पडतो, म्हणून कडुलिंबाचा पाला चघळायला देण्यात दवडलेली घटका मला फार अनर्थकारक वाटते.

नागाच्या विषाने आलेली ही दुर्बलता निओस्टिग्मिनच्या टोचणीने पुष्कळदा ओसरू लागते. सोबत देण्यात येणाऱ्या ॲट्रोपिनमुळे जवळचे अक्षर काही काळ पुसट दिसले, तरी त्याची धास्ती नको. मण्यारीचे विष नसांची टोकेच निकामी करीत असल्याने तेथे हा उपाय सहसा लागू पडत नाही, आणि ती टोके पुन्हा सजीव होईपर्यंत दिवस, कधी आठवडेही लागतात.

घोणस व फुरसे यांची तऱ्हा निराळी. त्यांचे विष मुख्यत्वे रक्ताची गोठण्याची शक्ती हरण करते. म्हणून काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलविता ठेवतात, आणि नळी कलती करताच ते पाण्यासारखे वाहिले तर निदान रुजू होते. असा रक्तस्राव दृष्टिपटलावर झाला तर डोळ्यांपुढे काळे जाळे येते; आणि मेंदूच्या मागील भागात रक्तस्राव झाला, किंवा तेथील रक्तपुरवठा तुटला, तर नेत्र निर्दोष असूनही माणूस अंध होतो.

1894 च्या सुमारास आल्बेर काल्मेत यांनी पाश्चर संस्थेच्या परंपरेत सिद्ध केलेली, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेने दीर्घकाळ तयार केलेली प्रतिविषाची लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. तिच्या वापरानंतर दृष्टिचेतेला सूज येऊन नजर अधू झाल्याचे तुरळक दाखले वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दोष विषाचा की परक्या प्राण्याच्या प्रथिनांचा, हे अशा रोग्यात वेगळे काढणे कठीण. या तुरळक भयापायी लस नाकारणे म्हणजे प्राणावर उदार होणे होय. मात्र घरी परतल्यावर रंग फिके दिसू लागले वा एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, तर नेत्रवैद्याकडे त्याच दिवशी जावे, आणि दंशाची व लसीची इत्थंभूत हकीकत सांगावी.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने नमूद करावयाची आहे. मण्यारीच्या गंभीर दंशात बाहुल्या विस्तारतात, प्रकाशालाही दाद देत नाहीत, अंग निश्चल होते, आणि पाहणाऱ्याला मेंदू मृत झाल्याचा भास होतो. वस्तुतः कृत्रिम श्वासावर असलेला तो माणूस सर्व काही ऐकत असू शकतो. अतिदक्षता कक्षातील जाणती परिचारिका त्याच्या अर्धवट उघड्या राहणाऱ्या डोळ्यांत बुबुळ सुकू नये म्हणून मलम घालते, पापण्या हलकेच मिटून त्यांवर पट्टी लावते, आणि त्याआधी त्याच्या कानाशी वाकून सांगते, "दादा, डोळ्यात औषध घालतेय, गार लागेल."