इंटरनेटचा फोन बसवताना नावाची नोंद आपल्याच हाती ठेवा

आम्ही परभणीच्या बाजारात कापडाच्या दुकानावर बसू लागलो, तेव्हा मालेगाव किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याशी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल बुक करून दुपारभर वाट पाहावी लागे. पुढे एस.टी.डी. आले, मग मोबाईल. आता दुकान, गोदाम आणि तालुक्याच्या शाखा यांना एकाच नंबरावर जोडायचे असेल, तर इंटरनेटवरचा फोन सोयीचा पडतो. आम्हीही तो बसवला. त्यात आमच्याकडून झालेली चूक इतर व्यापारीबंधूंकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

आमची शाखा गंगाखेडला आहे. गिऱ्हाईक परभणीच्या नंबरवर फोन लावी आणि एक आकडा दाबला की गंगाखेडचा फोन वाजे. ऐन लग्नसराईत एके दिवशी तो वाजेनासा झाला. वीज होती, इंटरनेट होते. शाखेतल्या मुलाला वाटले, आज बाजारच थंड आहे. दुसऱ्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक भेटले. म्हणाले, "तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. शेवटी बस्ता दुसरीकडे बांधला." नुकसान पैशांचे झालेच, त्याहून अधिक भरवशाचे झाले.

कारण अगदी साधे निघाले. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आय.पी. नंबर म्हणतात. कारागिराने परभणीच्या यंत्राचा हा नंबर गंगाखेडच्या फोनमध्ये थेट लिहून ठेवला होता. साध्या जोडणीचा नंबर कंपनीकडून केव्हाही बदलू शकतो. तो बदलला आणि गंगाखेडचा फोन जुन्या पत्त्यावर हाका मारीत राहिला.

यावर उपाय म्हणजे नंबराऐवजी नाव लिहिणे. नावावरून नंबर शोधून देणारी जी व्यवस्था आहे, तिला डी.एन.एस. म्हणतात. पूर्वी अमेरिकेत सर्व संगणकांची नावे एकाच यादीत ठेवीत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखली. तिच्यात ज्याने त्याने आपापल्या नावाची वही आपणच सांभाळायची असते. दुकान दुसऱ्या गल्लीत गेले तरी पाटी तीच राहते, तसेच हे. नंबर बदलला की वहीत एका जागी दुरुस्ती करायची, फोनला हात लावायचा नाही.

फोनसाठी या वहीत दोन नोंदी लागतात. पहिली 'ए' नोंद. तीत यंत्राचे नाव आणि त्याचा नंबर असतो. दुसरी 'एस.आर.व्ही.' नोंद. या नावाचे फोन कोणत्या यंत्राकडे आणि कोणत्या दाराने न्यायचे, हे ती सांगते. हे दार बहुधा ५०६० असते. तीत क्रमही लिहितात. लहान आकड्याचे यंत्र आधी, म्हणजे मुख्य यंत्राला १० आणि राखीव यंत्राला २० दिले, तर मुख्य बंद पडल्यावर फोन राखीवकडे जातो. या नोंदीत यंत्राचे नावच लिहावे, नंबर लिहू नये. काही फोन ही दुसरी नोंद पाहतच नाहीत, म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रत्येक नोंदीला सेकंदांत मुदत असते. ३६०० लिहिले तर जुना नंबर तासभर लोकांच्या स्मरणात राहतो. जोडणी बदलायची असेल तर आदल्या दिवशी ही मुदत ३०० करावी, म्हणजे बदल पाच मिनिटांत लागू होतो. शक्य असल्यास कंपनीकडून कायम नंबर मागून घ्यावा. काही जोडण्यांत अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच नंबर दिलेला असतो. तिथे बाहेरून आपल्या यंत्रापर्यंत पोहोचताच येत नाही.

आमची खरी फजिती पुढेच झाली. दुकानाची वेबसाईट काढताना त्याच कारागिराने नाव स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. वही त्याच्याकडे, चावी त्याच्याकडे आणि तो नोकरीसाठी परगावी गेलेला. आमच्याच दुकानाच्या नावात दुरुस्ती करण्यासाठी आम्हाला आठ दिवस त्याच्या मागे फिरावे लागले. तिजोरीची चावी आपण गुमास्त्याकडे सोडत नाही, मग नावाची चावी का सोडावी? नाव मालकाच्या ई-मेलवर आणि मोबाईलवर नोंदवावे, पासवर्ड घरात लिहून ठेवावा. दरवर्षी नूतनीकरणाची तारीख वहीत टिपावी. ती चुकली तर सारे फोन एकदम मुके होतात. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' अशी नावेही मिळतात. पाटीसाठी ती छान आहेत, पण फोनयंत्रासाठी इंग्रजी अक्षरांतले छोटे नावच घ्यावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. २०१८ मध्ये इंटरनेटचा फोन साध्या फोनशी जोडण्याची वाट परवानाधारक कंपन्यांना मोकळी झाली. म्हणून बाहेरची लाईन परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्यावी. पासवर्ड कच्चा ठेवू नये, नाहीतर परके लोक आपल्या बिलावर परदेशी फोन करतात. वीज गेली की हा फोनही जातो, म्हणून बॅटरी आणि एक साधा मोबाईल जवळ असू द्यावा.

आता आमच्या गंगाखेडच्या फोनमध्ये नंबर नाही, नाव आहे. त्यानंतर आमच्या जोडणीचा नंबर दोनदा बदलला, पण गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागला नाही. व्यापारात माणसाचे नाव हीच पुंजी असते. इंटरनेटवरही ती आपल्याच ताब्यात असावी.