आंब्यावरील विणकर मुंगी : ओळख, प्रसार आणि उपयोग

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूस आंब्याच्या झाडांवर हिरवी पाने एकमेकांस चिकटवून केलेली घरटी दृष्टीस पडतात. फांदीस धक्का लागताच तांबूस मुंग्या अंगावर धावून येतात. म्हणून पुष्कळ बागाईतदार घरटे दिसताच पलिता लावतात किंवा विषारी भुकटी धुरळतात. बी.एच.सी. भुकटीवर तर १९९७ साली बंदीच आली; परंतु तांबडी मुंगी म्हणजे शत्रू, हा समज मात्र अद्याप गेलेला नाही.

‘लाल मुंगी’ या एकाच नावाखाली दोन भिन्न वंशांतील मुंग्या मोडतात. सोलेनॉप्सिस वंशातील मुंगी जमिनीत राहते व नांगीने डंख करते. झाडावरील विणकर मुंगी ईकोफिला वंशातील होय. तिला नांगी नसते. ती चावा घेऊन त्या जागी फॉर्मिक आम्ल सोडते. लांब पाय, मोठे डोळे व बारीक कंबर या तिच्या खुणा असून मोठी कामकरी मुंगी ८ ते १० मिलिमीटर लांब भरते.

फॅब्रिशियस याने १७७५ साली हिचे वर्णन करून ‘स्मॅराग्डिना’, म्हणजे पाचूसारखी, असे नाव दिले. आपल्याकडील तांबूस मुंगी पाहून हे नाव नवलाचे वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियातील मुंगीचे पोट हिरवे असते, आणि आपल्याकडील राणीही हिरवट असते. वंशाचे नाव फ्रेडरिक स्मिथ याने १८६० साली ठेवले. या वंशाच्या आज दोनच जाती सर्वमान्य आहेत. लाँगिनोडा ही आफ्रिकेत, तर स्मॅराग्डिना ही भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळते. यूरोपात मात्र हा वंश केवळ जीवाश्मांच्या रूपात सापडतो. महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचा उतार व पूर्व विदर्भातील जंगले हे तिचे प्रदेश होत.

मागाच्या गावाला तिची कारागिरी सहज समजेल. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात. इतर मुंग्या तोंडात अळी धरून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत धोट्याप्रमाणे फिरवितात. रेशीम अळीचे, विणकाम मुंगीचे! एकाच वसाहतीची घरटी अनेक झाडांवर असतात व राणी त्यांपैकी एकाच घरट्यात असते.

चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकातच संत्र्याच्या झाडांवर सोडण्यासाठी ही घरटी बाजारात विकली जात. उत्तर ऑस्ट्रेलियातील काजूबागांत तिने ढेकण्या किडीचा बंदोबस्त केल्याचे प्रयोगांत दिसून आले. मात्र दुसरी बाजूही आहे. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांच्या गोड स्रावासाठी ती त्यांची राखण करते आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावते. ही खोड लहान नव्हे.

तेव्हा कृषी सहायकांनी बागाईतदारासमवेत प्रथम शेंडे व फळांचे देठ पाहावेत. पिठ्या ढेकूण नसल्यास घरटी राहू द्यावीत. असल्यास कीडग्रस्त शेंडे छाटावेत, शेजारच्या झाडांना टेकणाऱ्या फांद्या तोडाव्यात व बुंध्यावर चिकट पट्टा बांधावा, म्हणजे मुंग्यांची ये-जा थांबते. दोन निरनिराळ्या वसाहतींची घरटी एका झाडावर आणू नयेत. त्या आपसांत लढून नष्ट होतात. तोडणीच्या वेळी झाडावर न चढता जमिनीवरून झेल्याने फळे उतरवावीत.