सर्वांत अवघड व्हिडिओ गेम कोणता? उत्तर मेंदूत आणि अंगठ्यात

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांच्यातला एक वाद अजून मिटलेला नाही. सर्वांत अवघड गेम कोणता? एक जण 'कॉन्ट्रा'चं नाव घेतो, दुसरा 'निंजा गायडन'चं. तिसरा म्हणतो, 'बॅटलटोड्स'ची तिसरी स्टेज पार केलेला माणूस दाखवा. ही मंडळी आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. हेच जुने गेम नव्या छोट्या यंत्रांवर आणि मोबाइलवर पुन्हा मिळू लागल्याने वादही ताजा झाला आहे. शिवाय त्याला एक पुरवणी जोडली गेली आहे : 'आम्हीही लहानपणी गेम खेळलोच की, आम्हाला काय झालं?' मुलाच्या मोबाइलबद्दल बोलताना पालकांकडून हे वाक्य आम्हा डॉक्टरांना वारंवार ऐकायला मिळतं. म्हणून हा वाद जरा गांभीर्याने घेऊ या. 'अवघड' म्हणजे नेमकं काय, हे शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं, तर त्या पुरवणीचं उत्तरही सापडतं.

अवघड का बनवले?

हे गेम मुळात पार्लरसाठी घडले. तिथे एका नाण्यात माणूस तासभर खेळत बसला तर मालकाचं नुकसान. त्यामुळे खेळाडू काही मिनिटांत बाद झाला पाहिजे, पण 'अजून एकदा' असंही त्याला वाटलं पाहिजे, असा हिशेब होता. पुढे गेम घरी आले, तेव्हा अडचण जागेची होती. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. मोबाइलवरच्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. वाट पाठ असलेला खेळाडू तो अर्ध्या तासात संपवतो. एवढासा गेम महिनोन्महिने पुरवायचा, तर तो अवघड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कधीकधी हा हिशेब बनवणाऱ्यांच्याच अंगाशी आला. जपानमध्ये १९८६ साली 'मारिओ'चा दुसरा भाग निघाला. त्यात खाल्लं की जीव घेणारी विषारी अळंबी होती आणि उडी भरकटवणारा वाराही होता. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेला तो इतका अवघड वाटला, की तिथे त्या नावाने वेगळाच गेम विकला गेला. मूळ गेम अमेरिकेत पोचायला १९९३ साल उजाडलं. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणण्याचं काम करत होते. चाचणी घेताना तो त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घालून ठेवला : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हाच क्रम 'कॉन्ट्रा'मध्ये तीनऐवजी तीस जीव देतो.

पहिली परीक्षा : डोळा ते अंगठा

पडद्यावर गोळी दिसली आणि अंगठ्याने बटण दाबलं, या दोहोंच्या मध्ये बराच प्रवास होतो. प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, तिथून संदेश मेंदूच्या मागच्या भागात जातो, काय दिसलं ते ठरतं, मग हालचालीचं केंद्र मज्जारज्जूमार्फत स्नायूंना आज्ञा देतं. निरोगी तरुण माणसाला यासाठी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाव भाग लागतो. जुनी यंत्रं सेकंदाला ६० चित्रं दाखवत. म्हणजे तुम्ही प्रतिक्रिया देईपर्यंत गेम बारा ते पंधरा चित्रं पुढे गेलेला असतो.

या परीक्षेतला सर्वांत कठोर गेम म्हणजे १९८९ चा 'टेट्रिस'. त्याच्या २९ व्या पातळीवर तुकडा वरून तळाला यायला सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश भाग लागतो. बटण दाबून धरलं तर तुकडा भिंतीपाशी सरकण्याआधीच तळाला टेकतो. त्यामुळे माणसासाठी गेम इथेच संपतो, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. पार्किन्सनच्या रुग्णाला तपासताना आम्ही अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला सांगतो. निरोगी माणसाचं एक बोट सेकंदाला पाच-सहा वेळा आपटतं; त्यापलीकडे स्नायू आखडू लागतात. खेळाडूंनी यावर युक्ती काढली. अंगठा बटणावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं तबल्यावर फिरवावीत तशी कंट्रोलरच्या पाठीवर एकामागोमाग आपटायची. एका बोटाचं काम चार बोटांत वाटलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या मुलाने याच पद्धतीने १५७ वी पातळी गाठली. तिथे गेमच गोठला. सुमारे ३८ मिनिटांच्या खेळानंतर माणूस टिकला आणि यंत्र थांबलं.

ही परीक्षा वयाला फार दयामाया दाखवत नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या, १६ ते ४४ वयोगटातल्या ३,३०५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिसादाचा वेग साधारण २४ व्या वर्षापासून कमी होऊ लागतो, असं त्यात दिसलं. मात्र वयाने मोठे खेळाडू सोप्या, नेमक्या चालींनी ती कसर बऱ्यापैकी भरून काढत होते. ते कसं, हे पुढच्या परीक्षेत कळतं.

दुसरी परीक्षा : अंगठ्याची आठवण

'बॅटलटोड्स' (१९९१) या गेमच्या तिसऱ्या स्टेजमध्ये बोगद्यातून वाहन सुसाट धावतं आणि समोर भिंतीमागून भिंती येतात. शेवटी वेग इतका वाढतो, की पाहून चुकवणं जवळजवळ अशक्य होतं. पण भिंतींचा क्रम दर वेळी तोच असतो. म्हणजे प्रश्न वेगाचा राहत नाही, पाठांतराचा होतो. 'कॉन्ट्रा' आणि 'निंजा गायडन' हेही बऱ्याच अंशी याच जातीचे.

हे पाठांतर कवितेसारखं नसतं. सायकल चालवणं, पोळी लाटणं, हार्मोनियमवर बोटं फिरवणं ज्या स्मृतीत साठतं, ती ही कृतीची स्मृती. ती मेंदूच्या आत खोलवर असलेल्या केंद्रकांत आणि लहान मेंदूत घडते. प्रसंग, नावं, तारखा लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी असते. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याचा सुंदर पुरावा दिला. त्यांनी काही जणांना 'टेट्रिस' खेळायला लावलं. त्यांत मेंदूच्या इजेमुळे नव्या आठवणी साठवू न शकणारे रुग्णही होते. आपण गेम खेळलो, हेच त्या रुग्णांना आठवत नसे. तरीही झोप लागता लागता वरून पडणारे तुकडे दिसल्याचं त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं.

झोपेचा इथे मोठा वाटा आहे. बोटांनी ठरावीक क्रमाने बटणं दाबण्याच्या एका प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर आणखी सराव न करताही लोकांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. रात्री दहा वेळा अडलेली स्टेज दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यात पार होते, ती याचमुळे. रात्रभर जागून ती काढू पाहणारा मेंदूचं कामच बंद पाडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

तिसरी परीक्षा : शेवटचा जीव

तिसरी परीक्षा धीराची. कॅपकॉमच्या 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' (१९८५) मधल्या शूरवीराचं पहिल्या फटक्यात चिलखत जातं आणि तो नुसत्या चड्डीवर उरतो. दुसऱ्या फटक्यात हाडांचा सापळा. शत्रू दर वेळी ठरल्याप्रमाणे वागत नाहीत, त्यामुळे पाठांतर अपुरं पडतं. एवढं सोसून शेवट गाठला, तर गेम सांगतो की हा भास होता, पहिल्यापासून पुन्हा खेळा. योग्य शस्त्र हाती नसेल, तर शेवटच्या शत्रूपासूनही मागे पाठवतो.

इथे हात का थरथरतात? शेवटचा जीव उरला की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, तळव्यांना घाम सुटतो. थोडा ताण काम सुधारतो आणि अति ताण ते बिघडवतो, हे १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं. सरावाच्या वेळी सहज जमलेली उडी नेमकी तेव्हाच चुकते.

वेगासाठी 'टेट्रिस' आणि पाठांतरासाठी 'बॅटलटोड्स' हे माझ्या मते सर्वांत अवघड. पण वेग, पाठांतर आणि धीर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मागणारा 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' या सर्वांच्या वर. 'कॉन्ट्रा'वाल्यांनी रागावू नये. तीस जिवांची सोय असलेल्या गेमला पहिला नंबर देता येत नाही.

आणि न संपणारा गेम

आता त्या पुरवणीकडे. या जुन्या गेमांत एक गोष्ट समान आहे. तुम्ही हरलात तर का हरलात, ते लगेच कळतं. उडी उशिरा घेतली, चुकीच्या बाजूला सरकलात. पुढच्या वेळी दुरुस्ती करता येते. आणि बहुतेक गेमना शेवट असतो. तीन जीव गेले की 'गेम ओव्हर', आई जेवायला हाक मारते, यंत्र बंद होतं.

व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवतं, हे लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. ते जुन्या गेममध्येही स्रवतच होतं. फरक आहे तो बक्षीस कशावर अवलंबून आहे, यात. आजच्या मोबाइलवरच्या अनेक गेममध्ये बंद पेटीतून काय निघेल, हे नशिबावर असतं. जुगारावरच्या २००९ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रांना चाळवतो आणि आणखी खेळावंसं वाटायला लावतो. कौशल्याच्या खेळात थोडक्यात हुकणं ही उपयोगी माहिती असते. नशिबाच्या खेळात तिचा काहीच उपयोग नसतो. तिथे शिकण्यासारखं काही नसतं आणि थांबण्याची जागाही नसते. अशा गेमवर मात करता येत नाही, कारण त्याला शेवटच ठेवलेला नाही.

म्हणून मुलाबद्दल 'किती तास खेळतो?' यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा. हा गेम संपतो का? हरल्यावर का हरलो, हे त्याला सांगता येतं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर 'आम्हीही खेळलोच की' हा युक्तिवाद तिथे लागू होत नाही.

खेळणाऱ्यांसाठी

- अंगठ्याच्या बुंध्याशी किंवा मनगटात दुखू लागलं की थांबा. सलग पाच तास गेम खेळून अंगठ्याची शीर दुखावलेल्या ३५ वर्षांच्या महिलेची नोंद १९९० मध्येच 'निन्टेन्डिनायटिस' या नावाने वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. आठवडाभराच्या विश्रांतीने दुखणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.
- अर्ध्या-पाऊण तासाने उठा, लांबवर पाहा, हात मोकळे करा.
- पूर्वी फिट आली असेल, किंवा चमकणाऱ्या प्रकाशाने त्रास होत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.
- खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, असं साधारण वर्षभर दिसलं तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याचा समावेश आहे. लक्षणं तीव्र असतील, तर वर्षभर वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात यासाठी जाता येतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.
- 'कॉन्ट्रा' दोघांनी एकत्र खेळता येतो. मुलाला शेजारी बसवून एक डाव खेळा. वेगात तो तुम्हाला मागे टाकेल, पण पुढची गोळी कुठून येणार, हे तुमच्या अंगठ्याला बहुधा अजून आठवत असेल.