आजीची भाषा, नातवाची शाळा

जून जवळ आला की आपल्या घराघरांत एकच बोलणे सुरू होते. मुलाला मराठी शाळेत घालायचे, उर्दूत की इंग्रजीत? अब्बांचे एक मत, अम्मीचे दुसरे आणि शेजाऱ्यांचे तिसरे. घरात एक बोली, मकतबमध्ये दुसरी आणि बाजारात तिसरी अशी आपली रीत असल्याने हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पण खुद्द इंग्रजांच्या शेजारी, त्याच बेटावर राहणाऱ्या एका छोट्या मुलखाने याच प्रश्नापायी काय सोसले, ते आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी वेल्समधल्या एका शाळेची हकीकत.

शाळेचे नाव ग्लान क्लुइद. म्हणजे क्लुइद नदीचा काठ. ती १९५६ साली उत्तर वेल्समधल्या ऱ्हिल गावात सुरू झाली. वेल्श भाषेतून शिकवणारी ही पहिली माध्यमिक शाळा. वेल्श ही इंग्रजीची बोली नाही. ती इंग्रजीहून जुनी, वेगळ्याच कुळातली भाषा आहे. मग तिची पहिली माध्यमिक शाळा उघडायला १९५६ साल का उजाडावे?

त्यासाठी मागे जावे लागेल. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने वेल्स आपल्या कायद्याखाली आणले आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी केली. भाषा तरली ती धर्मामुळे. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन या पाद्र्याने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. पुढे १७३१ च्या सुमारास ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा सुरू केल्या. मास्तराने हिवाळ्यात एका गावी तीनेक महिने राहायचे, लहानथोरांना वेल्शमध्ये धर्मग्रंथ वाचायला शिकवायचे आणि पुढच्या गावी निघायचे. नंतर रविवारच्या शाळांनी तेच काम चालवले. ज्याच्या घराण्यात मकतबच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख टिकली, त्याला याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

पण सरकारी नजर वेगळी होती. १८४७ मध्ये तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी केली. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हती. त्यांनी शाळांची दुरवस्था नोंदवली, ती बऱ्याच अंशी खरीही होती. पण सोबत लोकांच्या मागासपणाचे आणि अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर आणि त्यांच्या चॅपलवर फोडले. अहवालाच्या निळ्या पुठ्ठ्यांमुळे वेल्श लोक आजही त्याला ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ म्हणतात.

त्याच काळात पुष्कळ शाळांत ‘वेल्श नॉट’ नावाची लाकडी पट्टी असे. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात ती अडकवायची. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडले की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला मार. म्हणजे मुलांनीच मुलांची चुगली करायची. हे काही सरकारी फर्मान नव्हते. मास्तर वेल्शच असत आणि अनेक आईबापांना ते मान्यही असे. इंग्रजी आली तर पोराला नोकरी मिळेल, हाच त्यांचा हिशेब. आम्हाला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त टोचते ते हेच, कारण तो हिशेब आपणही रोज मांडतो.

परिणाम हळूहळू दिसला. १९०१ मध्ये वेल्समधले निम्मे लोक वेल्श बोलत होते. त्यानंतर कित्येक दशके टक्का घसरत गेला. १९३९ मध्ये इवान अब ओवेन एडवर्ड्स यांनी अ‍ॅबरिस्टविथ गावी वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा काढली. मुले अवघी सात. १९४७ मध्ये लानेली गावी सरकारी खर्चाने तशी पहिली शाळा उघडली. पण प्राथमिक संपल्यावर पुढे काय? पुढे इंग्रजीच.

ही कोंडी फोडली फ्लिंटशायर जिल्ह्याचे शिक्षण संचालक हेडन विल्यम्स यांनी. गंमत अशी की फ्लिंटशायर इंग्लंडच्या सीमेला लागून. ऱ्हिल तर इंग्रज सहलकऱ्यांचे समुद्रकाठचे गाव. जिथे घरोघरी वेल्श बोलत होते त्या पश्चिमेकडच्या भागात कुणाला अशी शाळा काढावीशी वाटली नाही, कारण तिथे भाषा जाईल हेच खरे वाटत नव्हते. ज्यांच्या हातून ती निसटत होती त्यांनाच तिची किंमत कळली.

शाळेला वेल्श माध्यमाची न म्हणता द्विभाषिक म्हणत. इतिहास, भूगोल असे विषय वेल्शमधून, तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, कारण पालकांना पोटापाण्याची धास्ती होती आणि वेल्शमध्ये क्रमिक पुस्तकेही नव्हती. १९६९ मध्ये शाळा सेंट असाफ या गावी हलली. बायबलचे भाषांतर करणारे विल्यम मॉर्गन अखेरीस याच गावचे बिशप होते.

तिच्या पाठोपाठ १९६१ मध्ये मोल्ड गावी माइस गार्मोन आणि १९६२ मध्ये दक्षिणेत पॉन्टीप्रिड्जवळ ऱ्हिदव्हेलेन शाळा निघाली. ती कोळशाच्या खाणींची वस्ती. मुले दूरदूरच्या खोऱ्यांतून बसने येत. शिक्षकांनी स्वतः टिपणे काढली, शब्द घडवले आणि पुढे तिथे गणित-विज्ञानही वेल्शमधून शिकवू लागले. निकाल चांगले लागले तसा ओघ वाढला. तोही अशा घरांतून, जिथे आजी-आजोबांना वेल्श येत होती, पण आईबापांना शाळेने ती विसरायला लावली होती.

कुरआनच्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि वर्ण वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. अशी एक निशाणी पुसली जाऊ नये म्हणून एक समाज झटतो आहे, ते पाहून आम्हाला बरे वाटले. पण सगळे आलबेल आहे असे म्हणणार नाही. १९९० पासून वेल्समधल्या सगळ्या सरकारी शाळांत टप्प्याटप्प्याने वेल्श सक्तीची झाली. २०५० पर्यंत दहा लाख लोक ती बोलतील असे सरकारने ठरवले आहे. तरी २०२१ च्या शिरगणतीत बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्केच भरले, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा ते कमीच. वर्गात वेल्श बोलणारी मुले मधल्या सुट्टीत पुष्कळदा इंग्रजीत खेळतात. शाळा भाषा शिकवते, पण ती बोलायला घर लागते.

म्हणून वेल्समध्ये आता आईबापांसाठीही वर्ग चालतात. दप्तरातून आलेला गृहपाठ समजावा म्हणून आई संध्याकाळी वहीपेन घेऊन बसते, आणि उच्चार चुकला तर तो दुरुस्त करायला पोर शेजारीच असते.