समुपदेशक व्हायचंय? मग पदवीनंतर थोडं थांबा

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर लगेच पाटी लावावी, असं तुम्हाला वाटत असेल. पण पुस्तकातलं नैराश्य आणि समोर बसून रडणारा माणूस यांत फरक असतो. तो अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करूनच कळतो.

कायदा काय सांगतो?
भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील व्याख्येत एम.ए.नंतरच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा उल्लेख आहे आणि त्यात देखरेखीखालील प्रशिक्षणही येतं. चार दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

देखरेख कशासाठी?
समजा, तिसऱ्याच भेटीत रुग्ण म्हणाला, "जगावंसं वाटत नाही." धोका किती आहे, हे कसं विचारायचं? घरच्यांना कधी सांगायचं? मनोविकारतज्ज्ञांकडे कधी पाठवायचं? हे एकट्यानं ठरवणं धोक्याचं असतं. वरिष्ठांशी लगेच बोललात, तर रुग्ण सुरक्षित राहतो आणि तुम्हीही शिकता.

प्रवेशापूर्वी विचारा:
• अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का?
• प्रत्यक्ष रुग्ण पाहायला मिळतील का?
• पर्यवेक्षक प्रत्येक केसवर नियमित चर्चा करतात का?

तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात आणि केसची चर्चा वरिष्ठांशी होईल, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा. त्यानं विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो.