भिंतीचा रंग आणि उतारवयातील पाऊल

निळा रंग शांतवतो, पिवळा उत्साह देतो, असे कार्यालयांच्या सजावटीविषयी सर्रास लिहिले जाते. त्याला पुरावा तोकडा आहे. आवड आणि सवय यांचाच त्यात मोठा वाटा असतो. शस्त्रक्रियागृहातील हिरव्या रंगाचे कारण मात्र शरीरशास्त्रीय आहे. सतत लाल रक्त पाहून शिणलेल्या डोळ्यांना तो विसावा देतो.

वाचकहो, साठीनंतर प्रश्न मनापेक्षा दृष्टीचा अधिक असतो. डोळ्यातील भिंग पिवळसर व धूसर होत जाते आणि निळ्या-काळ्यातला भेद पुसट होतो. समुद्रपूरसारख्या गावी अजूनही दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आजोबांना पांढऱ्या चकचकीत फरशीतली पांढरी पायरी दिसतच नाही, आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून पायरीच्या कडेला गडद पट्टा ओढावा. कठडा, दाराची चौकट, विजेचे बटण भिंतीहून वेगळ्या रंगाचे असावे. तकाकीचा ऑइलपेंट टाळावा. त्यावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत खुपते.

१९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहायला आले, त्या आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामची बापू कुटी या दृष्टीने पाहावी. मातीने लिंपलेल्या भिंतींवर उजेड चमकत नाही. (नक्कल मात्र अंधाराची नको, वृद्धांना उजेड अधिकच लागतो.)

घरच्यांनी एकदा दिव्याच्या उजेडात निळा आणि काळा मोजा ओळखायला द्यावा. गफलत झाली, तर रंगकाम काढण्याआधी मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी.