दारू पिऊन गाडी चालविल्याची जुनी नोंद आणि अमेरिकेच्या कामाच्या व्हिसाचे नूतनीकरण

आपल्या समाजातील मुले नोकरीसाठी परदेशी जातात ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. कोकणातील गावागावांतून आखाताची वाट तर जुनीच आहे. अलीकडे संगणक आणि इंजिनिअरिंग शिकलेली मुले अमेरिकेतही पोहोचली आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी कोणी दुकानावर कर्ज काढलेले असते, कोणी घरातले दागिने मोडलेले असतात. त्याच्या पगारावर बापाचा कारखाना आणि बहिणीचा निकाह अवलंबून असतो. अशा मुलावर तिकडे दारू पिऊन गाडी चालविल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर व्हिसाची मुदत संपताना काय होते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दारू हराम आहे आणि नशेत गाडी हाकणारा रस्त्यावरच्या निरपराध माणसाचा जीव धोक्यात घालतो. या कृत्याची वकिली आम्हाला करायची नाही. परंतु गुन्हा घडून गेला, कोर्टाने शिक्षा दिली, मुलाने ती भोगली आणि मनापासून तौबा केली, तर त्यानंतरचा प्रश्न व्यवहाराचा आणि घराच्या रोजीरोटीचा आहे. नेमके येथेच शरमेपोटी दुसरी, अधिक महागात पडणारी चूक होते. मुलगा बापापासून लपवितो, बाप एजंटापासून लपवितो आणि शेवटी अर्जावर खोटे लिहिले जाते. अमेरिकेच्या आजच्या कायद्यात पहिल्या साध्या गुन्ह्याने कामाचा व्हिसा कायमचा जात नाही. खोटे लिहिल्याने मात्र तो कायमचा जाऊ शकतो.

व्हिसा आणि मुक्काम यांतील फरक

पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे व काम करायचे, ते दुसऱ्या कागदावर ठरते. एच-वन बी या कामाच्या परवानगीची मुदत साधारणपणे तीन तीन वर्षांची असून एकंदर मर्यादा सहा वर्षांची आहे. ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यावर पोहोचलेले असल्यास ती पुढे वाढते.

ही मुदत वाढविण्याचा अर्ज मालक कंपनी तेथल्या तेथे करते. दारू पिऊन गाडी चालविल्याच्या एका साध्या प्रकरणाने हा अर्ज आपोआप नामंजूर होत नाही. मात्र मुदतवाढ देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, म्हणून नोंद असल्यास वकिलाला आधी सांगावे. खरी कसोटी लागते ती माणूस देशाबाहेर पडून पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्यासाठी वकिलातीच्या खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा. कंपनीचा अर्ज मंजूर आहे एवढ्यावर व्हिसाची खात्री धरू नये.

गुन्हा कशास म्हणतात

अमेरिकेत या गुन्ह्याला डी.यू.आय. किंवा डी.डब्ल्यू.आय. म्हणतात. बहुतेक राज्यांत रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०८ टक्के किंवा अधिक असेल तर गुन्हा होतो. यूटा राज्यात ही मर्यादा २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून ०.०५ टक्के आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, एवढीच मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबई-पुण्यात या कलमाखाली अटक झाली असेल तर तीही अमेरिकेच्या अर्जावर सांगावी लागते. तो प्रश्न कोणत्याही देशातील अटकेला लागू आहे.

२०१५ पासूनचा नियम

२०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना नवी सूचना दिली. मागील पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल अटक झाली असेल, तर हातात असलेला व्हिसा रद्द करता येईल, अशी ती सूचना आहे. यासाठी गुन्हा शाबित व्हावा लागत नाही, अटक पुरेशी असते. व्हिसाधारक अमेरिकेत असतानाही हे घडते आणि तसे पत्र त्याला बहुधा ई-मेलने येते.

असे पत्र आले की घरात रडारड सुरू होते. पण शांतपणे समजून घ्यावे. मुक्कामाची मुदत शिल्लक असेल, तर केवळ अशा रीतीने व्हिसा रद्द झाल्यामुळे काम करण्याची परवानगी त्याच दिवशी संपत नाही. परंतु एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की नवा व्हिसा मिळाल्याशिवाय परतता येत नाही. शिवाय अलीकडे कडकपणा वाढला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये परराष्ट्र खात्याने सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केल्याचे सांगितले. त्यांपैकी सुमारे चार हजार कायदा मोडल्यामुळे रद्द झाले होते, आणि त्या कारणांत मारहाणीच्या जोडीला दारू पिऊन गाडी चालविण्याचाही उल्लेख होता. म्हणून पत्र आल्याबरोबर इमिग्रेशनचे काम करणारा वकील गाठावा.

अर्जावरील तो एक प्रश्न

व्हिसाच्या डी.एस. १६० या अर्जात विचारलेले असते की, आपणास कधी कोणत्याही गुन्ह्याबद्दल अटक किंवा शिक्षा झाली आहे काय, मग त्यात माफी मिळाली असली तरी. येथे ‘होय’ लिहून खाली थोडक्यात हकिकत द्यावी : तारीख, ठिकाण, आरोप, कोर्टाचा निकाल आणि शिक्षा पूर्ण झाल्याची नोंद.

‘वकिलाने आरोप कमी करून घेतला, शेवटी बेदरकार गाडी चालविल्याचा दंड भरला,’ असे काहींचे म्हणणे असते. तरीही अटक झालीच होती, म्हणून उत्तर ‘होय’ हेच आहे. ‘कोर्टाने नोंद पुसून टाकली’ असे असले तरी इमिग्रेशनच्या बाबतीत ती पुसली गेली असे समजू नये. वकिलात बोटांचे ठसे घेते आणि ते अमेरिकेच्या पोलीस नोंदींशी ताडून पाहिले जातात. अटकेच्या वेळी दिलेले ठसे तेथे असतातच.

काही एजंट सांगतात की ‘नाही’ लिहा, कोण बघतो. वाचकांनी लक्षात ठेवावे की अर्ज कोणीही भरला तरी जबाबदारी अर्जदाराची असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. तिच्यातून सूट मिळविणे अवघड असते. व्यापारात खोट्या मापाला आपण जे म्हणतो तेच येथे लागू आहे.

डॉक्टरची तपासणी

मागील पाच वर्षांत अशी एक अटक किंवा शिक्षा, अथवा मागील दहा वर्षांत दोन किंवा अधिक, असे असेल तर अधिकारी अर्जदाराला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे पाठवितो. मुंबईतही असे डॉक्टर आहेत. फी अर्जदाराने भरायची असते. मुलाखतीच्या वेळी २२१(जी) असा उल्लेख असलेला कागद हाती दिला जातो. तो पाहून व्हिसा कायमचा गेला असे पुष्कळांना वाटते. वास्तविक प्रकरण तपासणीसाठी थांबले आहे, एवढाच त्याचा येथे अर्थ असतो.

एकदा चूक झाली की व्यसन आहे, हे डॉक्टर पाहतात. व्यसन असून त्यातून पुन्हा दुसऱ्याला इजा होण्याचा संभव आहे असे त्यांचे मत पडले, तर त्या वेळी व्हिसा नाकारला जातो. काही काळ निर्व्यसनी राहून पुन्हा अर्ज करता येतो. काही प्रकरणांत सूटही मागता येते. डॉक्टरांना खरे सांगावे. दारू सोडली असेल तर केव्हापासून सोडली तेही सांगावे. याच प्रकरणाची तपासणी होऊन पूर्वी व्हिसा मिळाला असेल, तर तसे नमूद करून जुने कागद सोबत ठेवावेत.

अटकेला पाच वर्षे उलटली असली तरी अर्जातील प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

साधे प्रकरण आणि गंभीर प्रकरण

पहिला गुन्हा, अपघात नाही, कोणाला इजा नाही, हे साधे प्रकरण. अशा गुन्ह्याला अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा सामान्यतः नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानीत नाही. परंतु लायसन्स निलंबित असल्याचे माहीत असून नशेत गाडी चालविली, गाडीत लहान मूल होते, कोणी जखमी झाले, किंवा दारूऐवजी अमली पदार्थ सापडले, तर प्रकरण निराळे होते. काही राज्यांत गांजाला मोकळीक असली तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे आणि व्हिसा केंद्राच्या कायद्याने मिळतो. अशा वेळी फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल करण्यापूर्वीच इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घेतला पाहिजे. नंतर घेतलेल्या सल्ल्याचा उपयोग कमी होतो.

कायदा बदलण्याच्या हालचालीही झाल्या आहेत. २०२५ च्या जूनमध्ये तेथील प्रतिनिधीगृहाने, या गुन्ह्यावरून प्रवेश नाकारता यावा आणि हद्दपारही करता यावे, असे विधेयक मंजूर केले. कायदा होण्यास सिनेटची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते. अर्ज भरण्याच्या दिवशी काय स्थिती आहे, ते वकिलाकडून तपासून घ्यावे.

कोणते कागद जमवावेत

कोर्टाच्या अंतिम निकालाची शिक्क्यासह प्रत, पोलिसांचा अटकेचा अहवाल, दंड भरल्याची पावती, कोर्टाने सांगितलेला सुधारवर्ग पूर्ण केल्याचा दाखला, देखरेखीची मुदत संपल्याचे पत्र आणि लायसन्स परत मिळाल्याचा पुरावा. हे सर्व अमेरिकेत असतानाच मिळवावे. येथे आल्यावर तेथील कोर्टाची प्रत मागविण्यात आठवडे जातात.

निकाहाची तारीख धरण्यापूर्वी

बहिणीचा निकाह ठरतो, घरचे आग्रह करतात, मुलगा काही न बोलता पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो आणि अडकतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून कामाच्या व्हिसाच्या नूतनीकरणासाठीही बहुतेकांना प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते, आणि अर्ज आपल्या देशात किंवा राहत्या देशात करावा अशी सूचना आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. त्यात डॉक्टरांच्या तपासणीची भर पडली तर मुक्काम किती लांबेल ते सांगता येत नाही. तोवर तिकडचे घरभाडे चालू राहते, पगार थांबू शकतो, नोकरीही जाऊ शकते. बायकोमुलांचे व्हिसाही त्याच्याच व्हिसावर अवलंबून असतात.

म्हणून वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, मुलाला बोलावण्यापूर्वी त्याला मोकळेपणाने विचारावे आणि त्याने खरे सांगितले तर ते ऐकून घ्यावे. मुलांना सांगणे असे की, तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला विचारा, मालकाला किती गैरहजेरी चालेल ते ठरवून घ्या आणि हाताशी काही महिन्यांचा खर्च ठेवा. एखाद्या निकाहाला हजर राहता आले नाही तर वाईट वाटेल, पण सारे घर ज्या रोजीवर चालते ती टिकेल.

आखातातील बांधवांसाठी

वर सांगितलेले सर्व अमेरिकेपुरते आहे. आखाताचे नियम याहून कडक आहेत. सौदी अरेबिया आणि कुवेत येथे आपल्या लोकांनी दारू जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे आणि त्याचा शेवट हद्दपारीत होऊ शकतो. संयुक्त अरब अमिरातीत २९ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्याप्रमाणे दारू पिऊन गाडी चालविल्यास वीस हजार ते एक लाख दिरहम दंड किंवा कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सचे निलंबन आहे. तेथे ड्रायव्हरकीवर पोट असलेल्याचे लायसन्स गेले म्हणजे नोकरीच गेली.

तौबा ही बंदा आणि अल्लाह यांच्यामधली गोष्ट आहे. वकिलातीच्या खिडकीपाशी तिचा पुरावा म्हणून फक्त खरे उत्तर आणि पुरे कागद चालतात. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी तो दडवून न ठेवता वेळीच जाणकाराकडे न्यावा, हे आमचे सांगणे आहे.